गावाची वेस आणि राष्ट्राची सीमा : येलवालनंतर

म्हैसूरहून हुणसूरमार्गे मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर येलवाल हे गाव लागते. कन्नड भाषक त्याला इलवाल म्हणतात. कंपनी सरकारच्या काळात म्हैसूरच्या रेसिडेंटाचा बंगला या गावी होता. 'रेसिडेंट' हा शब्द मराठी इतिहासाच्या वाचकाला परका नाही. दोन दरबारांतील तंटा तिसऱ्याने मिटवावयाचा आणि तो तिसरा दोघांहूनही बलिष्ठ असावयाचा, अशी ती व्यवस्था होती. गायकवाड आणि पेशवे यांच्यातील देण्याघेण्याचा वाद घेऊन गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनीच्या हमीवर पुण्यास आले, १८१५ च्या जुलैत पंढरपुरी त्यांचा खून झाला आणि त्या हमीची किंमत अखेर पेशवाईला मोजावी लागली. मध्यस्थाच्या हाती तरवार असली म्हणजे मध्यस्थी कोठवर जाते, याचा धडा मराठी मनाने तेव्हाच घेतला होता.

या येलवालमध्ये १९५७ च्या सप्टेंबर महिन्यात, २१ व २२ या तारखांस, एक परिषद भरली. निमित्त ग्रामदानाचे होते. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीस पहिले भूदान मिळाल्यापासून विनोबा भावे पायी हिंडत होते. तमिळनाडू आणि केरळ ओलांडून ते नुकतेच कर्नाटकात आले होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू, गोविंदवल्लभ पंत, मोरारजी देसाई, काँग्रेसचे अध्यक्ष ढेबर, जयप्रकाश नारायण, म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री निजलिंगप्पा आणि त्याच वर्षी केरळात साम्यवादी मंत्रिमंडळ बनविणारे नंबुद्रिपाद अशी एरव्ही एका मांडवात न बसणारी मंडळी एका पदयात्रिकाच्या मुक्कामी जमली. ग्रामदानाच्या अहिंसक आणि सहकारी पद्धतीचा गौरव करणारे एक संयुक्त निवेदन निघाले. सरकारी समूहविकास योजना आणि ग्रामदान यांनी हातात हात घालून चालावे असे ठरले. पुढे त्या ठरावाचे काय झाले हा निराळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो फारसा उत्साहवर्धकही नाही.

येलवालचे महत्त्व त्या निवेदनाहून विनोबांनी नेत्यांपुढे केलेल्या एका युक्तिवादात अधिक आहे. ग्रामदान ही केवळ जमिनीची फेरवाटणी नसून देशाच्या संरक्षणाचा उपाय आहे, असे त्यांनी मांडले. ज्या गावात मालक आणि भूमिहीन हे भांडण उरलेले नाही, ते गाव बाहेरच्या आक्रमणापुढेही कोसळणार नाही. आणि जागतिक युद्ध पेटून बाहेरचा पुरवठा तुटला, तरी जे गाव आपले अन्नवस्त्र आपण निर्माण करते ते तग धरील. ऐकणाऱ्यांत देशाचे सैन्य, अर्थकारण आणि परराष्ट्रव्यवहार ज्यांच्या हाती होता तेच लोक होते. त्यांनी हा युक्तिवाद आदराने ऐकला. तो अर्थसंकल्पात उतरेल अशी अपेक्षा मात्र स्वतः विनोबांनीही केली नसावी.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. आदल्या वर्षी सुएझ आणि हंगेरी ही दोन संकटे एकाच पंधरवड्यात येऊन गेली होती. सुएझच्या प्रकरणी संयुक्त राष्ट्रसंघाने आपली पहिली शांतिसेना उभारली, तीत भारतीय तुकड्या होत्या आणि येलवालची परिषद चालू असताना भारतीय जवान गाझाच्या सीमारेषेवर पहारा देत होते. हंगेरीच्या प्रकरणी राष्ट्रसंघ ठराव करण्यापलीकडे काही करू शकला नाही. काश्मीरचा प्रश्न १ जानेवारी १९४८ पासून सुरक्षा समितीपुढे पडून होता. पोर्तुगालने दादरा-नगरहवेलीकडे जाण्याच्या वाटेचा हक्क सांगत भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद लावली होती. तिच्यातील प्राथमिक आक्षेपांचा निकाल त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लागला. १९६० च्या अंतिम निर्णयात पोर्तुगालला नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या येण्याजाण्याचा हक्क होता, शस्त्रे आणि सशस्त्र दले नेण्याचा नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असे न्यायालयाने सांगितले. निकाल सूक्ष्म होता. तोवर त्या प्रदेशातून पोर्तुगीज सत्ता जाऊन सहा वर्षे लोटली होती.

राष्ट्रसंघाची सनद जगातील लोकांच्या नावाने सुरू होते, परंतु तिच्यावरील सह्या सरकारांच्या आहेत. विनोबांच्या विचाराचा रोख नेमका या फटीवर होता. विज्ञानयुगात गाव आणि जग ही दोनच एकके टिकतील, मधली राज्ये व राष्ट्रे हळूहळू केवळ व्यवस्थेपुरती उरतील, असे ते म्हणत. त्यांचा 'जय जगत्' हा घोष याच कर्नाटक-यात्रेतला. 'जय हिंद' म्हणून फार वर्षे झाली नव्हती तोच कोणी 'जय जगत्' म्हणावे, हे पुष्कळांना अवेळी वाटले. मराठी माणसाला तर ते विशेषच खटकले असणार. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती, बेळगाव-कारवारचा प्रश्न जळत होता, आणि गागोद्यात जन्मलेला, 'गीताई' लिहिणारा हा मराठी पुरुष म्हैसूरच्या मुख्यमंत्र्यांना शेजारी बसवून जगाचा जयजयकार करीत होता. तथापि हा घोष परका नव्हता. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली ज्यांनी विनोबांची गीताप्रवचने उतरून घेतली त्या साने गुरुजींनी पुढे 'आंतरभारती'चे स्वप्न पाहिले. आणि त्या दोघांच्याही मागे पसायदान होते, ज्यात मागणे एका प्रांतासाठी मागितलेले नाही.

'जय जगत्' या घोषाला देह असावा म्हणून विनोबांनी शांतिसेनेची कल्पना पुढे आणली. मूळ कल्पना गांधीजींची. तिला येलवालच्या थोडे आधी, ऑगस्ट १९५७ मध्ये, केरळातून निघताना केळप्पन यांच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्ष रूप मिळाले. पाच हजार लोकसंख्येमागे एक शांतिसैनिक, म्हणजे पस्तीस कोटींना सत्तर हजार, असा विनोबांचा हिशेब होता. गणित सोपे होते. माणसे तितकी कधीच मिळाली नाहीत.

या यात्रेतला आणखी एक अनुभव त्यांच्या आंतरराष्ट्रीय विचाराशी सहसा जोडला जात नाही, तो जोडावयास हवा. केरळात गुरुवायूरच्या मंदिरात त्यांच्या ख्रिस्ती सहकाऱ्यांना प्रवेश नाकारला गेला, तेव्हा विनोबा स्वतःही आत गेले नाहीत. पुढल्या वर्षी, मे १९५८ मध्ये, पंढरपुरास मात्र अन्य धर्मीय सहकाऱ्यांसह त्यांना विठ्ठलाचे दर्शन घडले. याच मंदिराचे दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली प्राण पणाला लावले होते. विनोबांचा नियम असा दिसतो : दार फोडावयाचे नाही, चोरवाटेने शिरावयाचे नाही, आणि आपल्यासोबतच्या एकालाही बाहेर ठेवून आत जावयाचे नाही. आतल्यांनी बोलावले तर जावयाचे. देवळाच्या दाराशी शिकलेला हा नियमच त्यांनी राष्ट्रांच्या सीमेला लावला. त्याचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन्ही पुढील सात-आठ वर्षांत उघड झाल्या.

येलवालवरून जाणारा रस्ता ज्या मडिकेरीस पोचतो, तेथे १९०६ मध्ये जनरल थिमय्यांचा जन्म झाला. येलवालच्या परिषदेच्या वेळी ते भारताचे सरसेनापती होते. त्याआधी, १९५३-५४ मध्ये, कोरियातील युद्धकैद्यांच्या परतपाठवणीसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, आणि कैद्यांच्या राखणीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात. मायदेशी परतण्यास नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी व कोरियन कैदी या दलाच्या हवाली होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्याचे नाकारले. म्हणून बोटींतून आलेले हे सैनिक हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथे त्यांनी आपल्या तळाला 'हिंदनगर' असे नाव दिले.

सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आपल्या कुंपणात ओलीस धरले. गोळीबार करून त्याला सोडविणे शक्य होते. त्यात शेकडो कैदी मेले असते आणि आयोगही संपला असता. थोरात निःशस्त्र आत गेले. आमच्या देशात घरी आलेल्याला चहा-सिगारेट विचारतात, तुम्ही तर तेवढेही केले नाहीत, असे त्यांनी कैद्यांच्या म्होरक्यांना सुनावल्याचे त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. चहा आला, बोलणी झाली, ग्रेवाल सुटले. येलवालच्या चार वर्षे आधी, गणवेषातल्या एका मराठी सेनानीने केलेले हे शांतिसैनिकाचे काम होते. सर्वोदयी वाङ्मयात त्याची नोंद सापडणे कठीण. लष्करी इतिहासात ते शौर्य म्हणून नोंदले गेले. आपल्याकडे अहिंसेचा आणि सैन्याचा इतिहास वेगवेगळ्या कपाटांत ठेवण्याची रीत आहे, तिचा हा परिणाम होय.

आयोगाचे मूळ काम मात्र अर्धेच राहिले. कैद्यांचे भवितव्य ठरविणारी राजकीय परिषद भरलीच नाही आणि जानेवारी १९५४ मध्ये कैदी ज्यांच्याकडून आले होते त्यांच्याच हाती परत सोपवावे लागले. मध्यस्थ कितीही कुशल असला तरी त्याच्या धन्यांची इच्छा नसेल तर तो केवळ काळ काढू शकतो. काळ काढणे ही गोष्टही क्षुद्र नव्हे, कारण तेवढ्या काळात माणसे मरत नाहीत.

विनोबांच्या मार्गाची परीक्षा १९६२ मध्ये झाली. आसामातून पश्चिम बंगालकडे येताना त्यांना पूर्व पाकिस्तानातून जावयाचे होते. पाकिस्तान सरकारने परवानगी दिली. ५ सप्टेंबरपासून सुमारे सोळा दिवस ते त्या देशात पायी चालले, प्रार्थनासभा घेत, जमीन मागत; आणि जमीन मिळालीही. दोन देशांत काश्मीरवरून इतके वैर असताना एका भारतीयाने तेथे शेतकऱ्यांपुढे उभे राहून जमीन मागावी आणि ती मिळावी, ही घटना राष्ट्रसंघाच्या कोणत्याही दप्तरात बसणारी नव्हती. परंतु तिच्यातून काही उभे राहिले नाही. मागे कोणी कार्यकर्ता राहिला नाही, दुसरी फेरी झाली नाही. संस्था नको, माणसामाणसांचा संबंध पुरे, हा विनोबांचा आग्रह येथे तोकडा पडला असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

महिन्याभरातच, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, चीनचे आक्रमण झाले. सीमेवर निःशस्त्र उभे राहावयास सत्तर हजार काय, सातशेही शांतिसैनिक नव्हते. भारताच्या सशस्त्र प्रतिकाराला विनोबांनी विरोध केला नाही. पाश्चात्त्य शांतिवाद्यांना हे फार लागले. त्याच वर्षाच्या १ जानेवारीस लेबनॉनमधील ब्रुमाना येथे 'वर्ल्ड पीस ब्रिगेड' ही संघटना स्थापन झाली होती. अमेरिकेचे ए. जे. मस्टी, इंग्लंडचे पाद्री मायकेल स्कॉट आणि भारताचे जयप्रकाश नारायण हे तिचे तीन सहअध्यक्ष होते. सरकारांच्या संघटनेला लोकांची संघटना पूरक व्हावी, हा विचार येथे प्रथमच आंतरराष्ट्रीय रूप घेत होता, आणि पहिल्याच वर्षी तिच्या एका अध्यक्षाचा देश युद्धात सापडला.

या पेचातून दिल्ली-पेकिंग मैत्रीयात्रा निघाली. १ मार्च १९६३ रोजी राजघाटावरून मूठभर भारतीय आणि परदेशी यात्रिक चालू लागले. नेते होते शंकरराव देव. येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. हेच शंकरराव देव संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष होते. राज्याच्या सीमेसाठी ज्यांनी दहा वर्षे वाटाघाटी केल्या, लोकांचे शिव्याशापही ऐकले, ते आता पेकिंगला पायी निघाले होते. भारतात या यात्रेला देशद्रोह म्हटले गेले. गावोगावी शत्रूशी मैत्री कसली, असे प्रश्न आले. दुसरीकडे चीनने यात्रिकांना प्रवेश नाकारला. पाकिस्तान आणि ब्रह्मदेश यांनीही नाकारला. आसामच्या पूर्व टोकाशी, ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ, यात्रा संपली. सिंगमन ऱ्हींनी थिमय्यांचे सैनिक अडविले तेव्हा अमेरिकेची हेलिकॉप्टरे होती. देवांच्या मागे कोणी नव्हते.

यात्रा फसली, ही वस्तुस्थिती आहे. परंतु तिच्यावरून लोकसंघटनेचा मार्गच निष्फळ ठरविणे घाईचे होईल, कारण त्याच आसामच्या सीमेलगत, पुढच्याच वर्षी, तो मार्ग थोडा काळ का होईना यशस्वी झाला.

नागा प्रदेशात १९५० च्या दशकापासून सशस्त्र संघर्ष चालू होता. भारत सरकारच्या दृष्टीने तो अंतर्गत बंडाचा प्रश्न. फिझो आणि त्यांच्या अनुयायांच्या दृष्टीने तो दोन राष्ट्रांमधला तंटा. वाद काय आहे यावरच वाद असल्यामुळे राष्ट्रसंघाला तेथे दारच नव्हते. १९६४ च्या आरंभी वोखा येथे नागा बाप्टिस्ट चर्चच्या परिषदेने शांतिमंडळ नेमावे असे सुचविले आणि चार नावे पुढे केली : जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री विमलाप्रसाद चलिहा, शंकरराव देव आणि मायकेल स्कॉट. देव मंडळात आले नाहीत; उरलेल्या तिघांनी काम केले. विनोबांचा नियम येथे पाळला गेला होता. आतल्यांनी बोलावले होते. स्कॉट यांनी १९४९ मध्ये नैर्ऋत्य आफ्रिकेतील हेरेरो लोकांची कैफियत राष्ट्रसंघापुढे मांडली होती आणि फिझोंना लंडनला पोचण्यास साहाय्य केले होते, म्हणून नागांचा त्यांच्यावर विश्वास होता. जयप्रकाशांवर दिल्लीचा होता, अर्थात पूर्ण नव्हे. ६ सप्टेंबर १९६४ रोजी शस्त्रसंधी अमलात आली. गावकरी निर्भयपणे शेतावर जाऊ लागले. संधीवर देखरेख करणाऱ्या निरीक्षकांत मार्जोरी साइक्स होत्या, आणि पुढे डॉ. अरम यांनी तेथील शांतिकेंद्र नेटाने चालविले.

त्या डिसेंबरात शांतिमंडळाने मांडलेला प्रस्ताव भाषेच्या अभ्यासकानेही वाचावा असा आहे. नागांचा स्वयंनिर्णयाचा दावा त्यात खोडून काढलेला नाही. त्या हक्काचा वापर करूनच त्यांनी आपखुषीने भारतीय संघराज्यात सहभागी व्हावे, आणि त्या संबंधाचे स्वरूप त्यांना रुचेल असे जुळवून घेण्याचा विचार भारत सरकारने करावा, असे सुचविलेले आहे. दोन्ही पक्षांना आपापली प्रतिज्ञा न मोडता एका वाक्यात राहता यावे, अशी ती रचना होती. ती दोघांनाही पुरली नाही. जयप्रकाशांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये मंडळ सोडले. स्कॉट हे प्रश्नाला आंतरराष्ट्रीय रूप देत आहेत असा ठपका ठेवून त्यांना त्याच वर्षीच्या मे महिन्यात भारतातून घालवून देण्यात आले. शस्त्रसंधी मात्र ओढत-ताणत १९७२ पर्यंत टिकली. आठ वर्षे.

स्कॉट यांच्या हकालपट्टीचा विचार भारतीय वाचकाला सहज टाळता येण्यासारखा नाही. कोरियात, गाझात, काँगोत आणि सायप्रसमध्ये भारताने मध्यस्थ आणि सैनिक पाठविले, आणि ते दुसऱ्यांनी स्वीकारावेत अशी अपेक्षा धरली. आपल्या वेशीच्या आत मात्र परक्या मध्यस्थाला जागा नाही, ही भूमिका दिल्लीने तेव्हा घेतली आणि काश्मीरबाबत पुढेही सोडली नाही. हा केवळ भारताचा दोष नव्हे. १९६७ मध्ये इजिप्तने सांगताच गाझामधली राष्ट्रसंघाची सेना उठून गेली. १९८५ मध्ये ढाक्यास 'सार्क' स्थापन झाली तेव्हा द्विपक्षीय आणि वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळण्याचे कलम सनदेतच घालण्यात आले. शेजाऱ्यांच्या भांडणाला जिथे उंबरठ्यावरच थांबविले जाते अशी शेजाऱ्यांची संघटना! अफगाणिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन यांच्या त्रिकोणातील देशांचा संघ व्हावा असे विनोबा म्हणत, तेव्हा त्यांच्या मनात याहून वेगळे काही होते.

शांतिसेना १९७४ नंतर, जयप्रकाशांच्या आंदोलनावरून सर्वोदयात फूट पडली तेव्हा, विस्कटली. 'वर्ल्ड पीस ब्रिगेड' तिच्या आधीच थंडावली होती. मात्र तिच्यात वावरलेली माणसे थांबली नाहीत. १९८१ मध्ये कॅनडात 'पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल' स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत नारायण देसाई होते. त्याआधी, १९७२ ते ७४ या वर्षांत, अशाच मंडळींच्या एका गटाने सायप्रसमध्ये विस्थापित तुर्की सायप्रियटांना त्यांच्या मूळ गावी परत वसविण्याची खटपट चालविली होती. त्या बेटावर जनरल थिमय्या १९६४ पासून राष्ट्रसंघाच्या सेनेचे प्रमुख होते आणि १८ डिसेंबर १९६५ रोजी तेथेच, निकोशियात, त्यांचे निधन झाले. दोन्ही पक्षांशी बोलणी होऊन काम मार्गी लागत असताना जुलै १९७४ मध्ये प्रथम बंड आणि मागोमाग तुर्कस्तानची स्वारी झाली. घरे बांधावयास आलेली माणसे परत गेली. थिमय्यांनी जिचे नेतृत्व केले ती सेना बेटाच्या दोन भागांमधील पट्ट्यात अजून उभी आहे.